किल्ली फिरते, गाडी मुकीच

भवानी पेठ, नाना पेठ, कोंढवा या भागांत अजूनही एखादा जुना पिकअप घरची रोजी कमावताना दिसतो. कुणाचे लाकूड, कुणाचे मंडपाचे सामान, तर कुणाचा गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला माल. अशी गाडी एके सकाळी किल्ली फिरवूनही मुकी राहिली, की पहिला सल्ला ठरलेला असतो: “चाचा, डायरेक्ट करून टाकू!” स्विचच्या तारा तोडून एक बटन लावले जाते. त्या दिवसाचा धंदा वाचतो, पण गाडीचे कुलूप गेलेले असते. आता तिला चोर चालू करू शकतो आणि दारात उभ्या गाडीत खेळणारे सहा वर्षांचे पोरही. म्हणून स्विच नीट काढून नीट बसवणे हे घरच्या सुरक्षेचे काम आहे.

आपल्याकडच्या जुन्या पिकअपचे घराणे बहुधा जीपचे. १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने जी कंपनी सुरू झाली, तिचे एक भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. याच कंपनीने आपल्याकडे विलीज जीप बांधायला घेतली. गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक विलीज जीपना किल्लीच नव्हती; ऐन लढाईत किल्ली कोण शोधणार? घरच्या गाडीला मात्र किल्ली हवीच. आपला मराठी ‘कुलूप’ शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आला आहे. डॅशबोर्डातला स्विच हेही एक कुफ्लच, फक्त विजेचे.

खोलण्याआधी तपासा. पुष्कळदा दोष स्विचमध्ये नसतो. बॅटरीची टोके सैल आहेत का, त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली आहे का, ते पाहा. मग बारा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचाच टेस्ट लॅम्प घ्या. त्याची एक तार बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावा आणि दुसरी स्विचमागच्या येणाऱ्या तारेला. दिवा लागला, म्हणजे वीज दारापर्यंत आली. आता किल्ली फिरवून जाणाऱ्या तारांवर बघा. वीज आत येते, पण बाहेर पडत नाही, तर दोष स्विचचा. स्टार्टरच्या तारेवरही दिवा लागत असेल, तर स्विच निर्दोष आहे, स्टार्टरकडे चला.

स्विच काढायचा ठरला, तर गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. नंतर बॅटरीची बॉडीकडे जाणारी, म्हणजे अर्थची तार आधी सोडा. किल्ली बंद असली तरी स्विचपर्यंत येणारी मुख्य तार जिवंत असते. ती लोखंडी डॅशबोर्डला टेकली की ठिणगी उडते. आणि अर्थच आधी का? तिचा नट सोडताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. दुसऱ्या टोकावर तोच पाना लागला तर शॉर्ट होतो.

आता डॅशबोर्डखाली टॉर्च लावून मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर आकडा लिहून बांधा. रंगांवर विसंबू नका. मागच्या इलेक्ट्रिशियनने हाताला लागेल ती तार जोडलेली असते.

पुष्कळ जुन्या गाड्यांत स्विच समोरून एका गोल रिंगनटाने धरलेला असतो. त्याच्या खाचांत सर्क्लिप प्लायरची टोके घालून डावीकडे फिरवा. छिन्नी-हातोडी चालवलीत, तर डॅशबोर्डचा पत्रा कायमचा दुखावतो. नट अडला तर गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबा. काही गाड्यांत आधी किल्लीचा गाभा काढावा लागतो: किल्ली ठराविक जागी आणून तोंडावरच्या बारीक छिद्रात कडक तार दाबायची, किल्ली आणखी थोडी फिरवायची, की गाभा बाहेर येतो. छिद्र नसेल तर जोर करू नका. रिंग सुटताना दुसऱ्या हाताने मागून स्विच धरा, नाहीतर त्याचे ओझे तारांवर येते.

जुना स्विच हातात घेऊनच नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत किंवा बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जा. नुसते तोंड जुळून भागत नाही. मागची टोकेही जुळली पाहिजेत. डिझेल गाडीत अधिकच जपा. तिथे किल्लीवर हीटरची जागा असू शकते, आणि काही जुनी डिझेल इंजिने किल्लीने बंदच होत नाहीत. त्यांना ओढायची वेगळी दोरी असते. पेट्रोलचा स्विच तिथे डोळे झाकून बसवू नये.

बसवताना स्विचची खाच डॅशबोर्डच्या खाचेत बसवा, आकड्यांप्रमाणे तारा जोडा आणि अर्थची तार सर्वांत शेवटी लावा. आधी फक्त दिवे, मग स्टार्टर.

हे काम एखाद्या सुट्टीच्या दिवशी सावकाश करा आणि घरातल्या मुला-मुलींना शेजारी बसवा. एकाने टॉर्च धरावी, एकीने आकडे लिहावेत. आठवी-नववीच्या पुस्तकातले विद्युत मंडल त्यांना तिथे हाताने चाचपता येईल. आणि काम झाल्यावर किल्ली मात्र त्यांच्या हाताला लागणार नाही अशा खुंटीवर टांगा.