हरवलेल्या दिवसांचा हिशेब

इमारत वर्षभर रखडली की मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार मालकाकडे. बांधकामाच्या दाव्यांत मुरलेला वकील मात्र 'वर्षभर' हा शब्द ऐकूनच घेत नाही. त्याला दिवस हवे असतात, एकेक करून, तारखेनिशी.

सरकारी कामांवर हिंडरन्स रजिस्टर नावाची वही असते. अडथळा कोणता, कधी आला, कधी हटला, असे तिचे रकाने. समजा, तीत लिहिलंय: 12 ते 19 जुलै, अतिवृष्टीमुळे काम बंद. वकील लगेच क्यूब रजिस्टर मागवतो. स्लॅबचं काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं घेऊन 150 मिलिमीटरचे ठोकळे भरतात आणि 7 व 28 दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडतात. कोणते ठोकळे कधी भरले, याची नोंद असते. त्यात 15 जुलैचे ठोकळे निघाले, तर पाऊस कितीही पडला असो, त्या दिवशी काम चालू होतं! काँक्रीटची ताकद जोखायला केलेला ठोकळा तारखेची साक्ष देतो. मला या व्यवसायातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच, की बांधकाम चालू असताना त्याची रोजनिशी आपोआप लिहिली जात असते. फक्त ती दहा वह्यांत विखुरलेली असते.

बरं, खरोखर वाया गेलेले दिवसही सगळे सारखे नसतात. कंपाउंड वॉल 20 दिवस रखडली तरी इमारतीचा ताबा एका दिवसानेही पुढे जाणार नाही, असं होऊ शकतं. लिफ्टच्या खड्ड्याचं ड्रॉइंग 10 दिवस उशिरा आलं, तर मात्र पाया अडतो, पायापायी कॉलम, कॉलमपायी स्लॅब, आणि अख्खी इमारत 10 दिवस सरकते. ही साखळी हुडकायची क्रिटिकल पाथ पद्धत 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली, ती कारखान्यांच्या कामांचं नियोजन नीट व्हावं म्हणून. आज लवादापुढे तिच्याच आधारे उशिराचं माप काढतात. साखळी स्थिरही नसते. जानेवारीत सवडीचं असलेलं काम जूनमध्ये सगळ्यांना अडवून बसतं. त्यात ड्रॉइंग नव्हतं त्याच 10 दिवसांत ठेकेदाराची सळईही आलेली नसेल, तर? अशा वेळी बहुधा मुदतवाढ मिळते, पैसे मात्र ना याला ना त्याला.

मग दिवसांचे रुपये करायचे. 24 महिन्यांचं 24 कोटींचं काम घ्या, म्हणजे महिन्याला 1 कोटी. ठेकेदाराच्या मुख्य कचेरीचा खर्च आणि नफा मिळून 10 टक्के धरला तर महिन्याला 10 लाख. मालकामुळे 6 महिने गेले, तर मागणी 60 लाखांची. याला हडसन सूत्र म्हणतात. समुद्रातल्या तेलफलाटांच्या कामावरून झालेल्या मॅकडरमॉट विरुद्ध बर्न स्टँडर्ड खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने अशी सूत्रं मान्य केली आणि कोणतं वापरायचं ते लवादावर सोपवलं. पण सूत्राच्या पोटात एक गृहीत आहे: ही माणसं इथे अडकली नसती, तर ठेकेदाराला दुसरं काम मिळालंच असतं. समोरचा वकील नेमका तिथेच हात घालतो. कुठलं काम? कोणती निविदा सोडलीत? दाखवा.

मालकाची बाजू घेतली तर 1872 च्या करार कायद्याचं कलम 55 समोर येतं. मुदत हा कराराचा गाभा असेल आणि ती उलटल्यावरही मालकाने काम स्वीकारलं, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. ती मागणार असल्याची सूचना स्वीकारतानाच दिलेली असली पाहिजे. ताब्याच्या आनंदात ही दोन ओळींची सूचना हमखास राहून जाते. म्हणून जाणता वकील ते पत्र आधीच टाइप करून ठेवतो, आणि किल्ल्या हाती पडतानाच त्याची सही-शिक्क्यानिशी पोच घ्यायला लावतो.