आधी तोल, मग ट्रिम

एडिनबराच्या चेंबर्स स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात ब्रिटिश वैमानिक पर्सी पिल्चरचं ‘हॉक’ हे ग्लायडर आहे. १८९६ सालचं. त्याला ना स्टिक, ना पेडल. पिल्चर हातांवर अंग तोलून धरायचा आणि लोंबकळते पाय पुढेमागे, डावीउजवीकडे नेऊन विमान वळवायचा. स्वतःचं वजन हेच त्याचं सुकाणू. १८९९ मध्ये याच ग्लायडरची शेपटी हवेत मोडली आणि त्या अपघातात तो गेला. रेडिओवर चालणारं विमान उडवायला शिकणाऱ्याने एकदा तरी हे यंत्र नीट पाहावं, कारण नवशिक्याच्या निम्म्या अडचणींचं मूळ एकच असतं: विमानाचं वजन नेमकं कुठे आहे?

शिकायला फोमचं ट्रेनर विमान चांगलं. पंख वर बसवलेले, टोकापासून टोकापर्यंत सव्वा मीटर, चार चॅनेल: एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेची पाती), एलेव्हेटर (शेपटीचं आडवं पातं), रडर (शेपटीचं उभं पातं) आणि थ्रॉटल (मोटरचा वेग). खोक्यावर काहीही छापलेलं असो, ते घरी आणल्या आणल्या उडवायचं नसतं. जेवणाच्या टेबलावर एक निवांत संध्याकाळ द्यावी लागते आणि खरं काम तिथेच होतं.

पहिलं काम प्रोपेलर काढून ठेवण्याचं. मोटर चुकून सुरू झाली तर बोटं शाबूत राहायला हवीत. मग आधी ट्रान्समीटर सुरू करायचा, नंतर विमानाला बॅटरी जोडायची. बंद करताना बरोबर उलट. ट्रान्समीटरवरचे सगळे ट्रिम, म्हणजे पातं किंचित सरकवून ठेवणारी छोटी बटणं, शून्यावर आणायचे. आता प्रत्येक सर्व्होची, म्हणजे सळईने पातं हलवणाऱ्या छोट्या मोटरची, दांडी सळईशी काटकोनात आहे का ते बघायचं. नसेल तर स्क्रू सोडून दांडी काढायची आणि एक दात सरकवून परत बसवायची. त्यानंतर एलेव्हेटरच्या कडेला डोळा लावायचा. केसभर जरी वर किंवा खाली असेल, तर सळईच्या टोकाचा छोटा चिमटा, म्हणजे क्लेव्हिस, एलेव्हेटरवरच्या शिंगाच्या भोकातून सोडवायचा, अर्धा फेरा फिरवायचा आणि परत अडकवायचा. पूर्ण फेऱ्याला सळईची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर बदलते. घाई केली तर हे काम होत नाही. पण एलेव्हेटर शेपटीच्या रेषेत आल्याचं डोळ्याला दिसतं, तेव्हा मिळणारं समाधान मला उड्डाणाइतकंच मोलाचं वाटतं.

मग दिशा तपासायची. विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे ढकलली की उजवं एलेरॉन वर आणि डावं खाली जायला हवं. स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. एलेरॉन उलटे जोडलेलं विमान जमिनीवर अगदी धडधाकट दिसतं आणि हवेत गेल्यावर काही सेकंदांत पडतं, म्हणून ही तपासणी प्रत्येक उड्डाणाआधी करायची, एकदाच नव्हे. ट्रान्समीटर बंद पडला तर थ्रॉटल आपोआप शून्यावर येतो का, हेही प्रोपेलर काढलेला असतानाच बघून घ्यायचं.

आता तोल. प्रोपेलर परत लावायचा, बॅटरी तिच्या जागी ठेवायची आणि माहितीपुस्तिकेत दिलेल्या जागी पंखांखाली दोन बोटं टेकवून विमान उचलायचं. ट्रेनरमध्ये ही जागा साधारणपणे पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश भागात असते, पुढच्या कडेपासून मोजून. रुंदी वीस सेंटिमीटर असेल तर पाच ते साडेसहा सेंटिमीटर. विमान आडवं राहिलं, किंवा नाक किंचित खाली झुकलं, तर ठीक. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवायची. सायकलच्या कॅरियरवर गोणी लादली की हँडल हलकं होऊन हाताला ऐकत नाही. शेपटीला जड विमान तसंच वागतं, फक्त इथे पाय टेकवता येत नाही. नाकाला थोडं जड विमान सुस्त उडतं, पण घरी परत येतं.

हे ट्रिमच्या आधीच का करायचं? कारण ट्रिमने तोलाचा दोष झाकला जातो, जात नाही. शेपटीला जड विमान एका वेगाला ट्रिम करून सरळ ठेवता येईलही. वेग बदलला की ते पुन्हा बिथरतं.

एडिनबरात पुढचा प्रश्न जागेचा आणि वाऱ्याचा. शहराच्या पश्चिमेला विमानतळ आहे आणि त्याच्या भोवतीच्या निर्बंधित क्षेत्रात परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. इतरत्रही उंचीची मर्यादा १२० मीटर. असं विमान उडवण्याआधी नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते आणि नोंदणीचा क्रमांक विमानावर चिकटवावा लागतो. शहराबाहेरच्या क्लबचं मैदान गाठणं हाच शहाणपणा. नैर्ऋत्येचा वारा इथे सहसा थांबत नाही. पण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि संध्याकाळी वारा पडतो, तेव्हा नवशिक्याची वेळ येते.

क्लबात शिक्षकांचा ट्रान्समीटर आपल्या ट्रान्समीटरशी जोडलेला असतो. त्यांनी बटण सोडलं की विमान त्यांच्या हाती. वाऱ्याच्या तोंडावर उड्डाण, पुरेशी उंची, मग थ्रॉटल निम्म्यावर. आता स्टिक सोडायची आणि बघायचं. मला शिकवणारे शिक्षक इथे एकच सांगतात: ‘‘काही करू नका, विमान काय करतंय ते बघा.’’ नाक खाली जात असेल तर एलेव्हेटरचा ट्रिम एक टिचकी वर. टिक असा बारीक आवाज येतो. पुन्हा स्टिक सोडायची, पुन्हा बघायचं. उंची स्थिर झाली की मग एलेरॉन: डावीकडे कलत असेल तर उजवीकडे टिचकी. रडर सगळ्यात शेवटी. वाऱ्याचा झोत आणि विमानाचा कल यांत गल्लत होते, म्हणून एकाच फेरीवर विश्वास न ठेवता दोन्ही दिशांना सरळ जाऊन बघायचं.

तोलाची खरी परीक्षा यानंतर. भरपूर उंचीवर थ्रॉटल बंद करून नाक खाली घालायचं आणि स्टिक सोडायची. विमान झटकन वर उसळलं तर नाक जड. सूर आणखी तीव्र होत गेला तर शेपटी जड, आणि स्टिक लगेच हातात घ्यायची. हळूहळू आपणहून सरळ झालं तर तोल जमला. ही परीक्षा पहिल्या दिवशी शिक्षकांनाच घेऊ द्यावी.

उतरल्यावर ट्रिमच्या टिचक्या तशाच सोडून घरी जाऊ नका. एलेव्हेटर जिथे स्थिरावला आहे तिथे तो क्लेव्हिस फिरवून आणा आणि ट्रिम पुन्हा शून्यावर घ्या. बॅटरी जिथे होती तिथे फोमवर पेनाने रेघ मारा, आणि पुढच्या प्रत्येक वेळी ती त्या रेघेलाच लावा.