पीव्ही: ओंडक्याला वळवणारा आकडा

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य आहे. तिथल्या पेनॉबस्कॉट नदीकाठी बँगर शहरात एकोणिसाव्या शतकात पाइनच्या लाकडाची प्रचंड उलाढाल चाले. हिवाळ्यात जंगलतोड व्हायची, बैल-घोडे बर्फावरून ओंडके ओढत नदीकाठी आणायचे आणि वसंतात बर्फ वितळून पाणी चढलं की ते नदीत लोटले जायचे. सॉमिलपर्यंत नेण्याचं काम नदीचं. पण वाटेत एखादा ओंडका खडकात आडवा अडकला, की मागचे त्याच्यावर चढत आणि सगळी नदी तुंबे. मग तळाला अणकुचीदार खिळे ठोकलेले बूट घालून माणसं त्या ढिगाऱ्यावर उतरत. ढिगारा अचानक सुटला तर जिवाशी खेळ.

हाती लांब दांडा आणि त्याला कडीने अडकवलेला लोखंडी आकडा एवढंच हत्यार असे. कडी सैल, त्यामुळे आकडा चहूकडे हेलकावे खाई. तो लाकडात नेमका बसवायला एक हात गुंतायचा, आणि पायाखालचा ओंडका ओला, निसरडा, फिरता.

या अडचणीवर उपाय काढला स्टिलवॉटर गावचा लोहार जोसेफ पीव्ही याने, 1858 च्या सुमारास. पुलावर पालथा पडून फळ्यांच्या फटीतून खालच्या मजुरांची धडपड बघताना त्याला ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे. त्याने सैल कडी काढून टाकली. दांड्याला लोखंडी पट्टा घट्ट आवळला, पट्ट्याच्या दोन कानांमधून बोल्ट घातला आणि त्यावर आकडा टांगला. आता आकडा फक्त वर-खाली हलणार, बाजूला नाही. दांड्याच्या टोकाला त्याने टोकदार अणीही बसवली. सारी करामत आकड्याचं हेलकावणं थांबवण्यात आहे, आणि मला ती फार मोठी वाटते. दांडा ओंडक्यावर टेकवला की आकडा आपसूक पलीकडच्या कुशीवर पडतो. मग दांडा रेटायचा. जितका जोर जास्त, तितका आकडा लाकडात खोल रुततो. आपल्याकडची पहार ओंडका उचकटते. लोहाराच्याच नावाची ही पीव्ही ओंडक्याला पकडून गडगडवते. नुसती अणी खुपसून ढकलताही येतं, शिवाय तोल सावरायला काठी आहेच.

हिचंच एक भावंड म्हणजे कँट हुक. तिच्या टोकाला अणी नसते, त्या जागी बोथट ओठ असतो. ती जमिनीवरच्या कामाची: वखारीत, सॉमिलच्या पाटावर ओंडका फिरवायला.

पुढे मेनच्या विधिमंडळाने नदीतून ओंडके सोडण्यावर बंदी घातली आणि 1976 मध्ये केनेबेक नदीवर शेवटची खेप वाहिली. झाडांच्या सालींनी आणि बुडालेल्या लाकडांनी नद्यांचे तळ भरून गेले होते, तेव्हा ही बंदी हवीच होती. हत्यार मात्र नदीबरोबर संपलं नाही. घरामागे छोटी सॉमिल चालवणारे, सरपणासाठी झाड पाडणारे आजही ते वापरतात. एवढ्या वर्षांत आकडा, बोल्ट, पट्टा आणि अणी यांची मांडणी कोणाला बदलावीशी वाटलेली नाही.