घोड्याचं आखडलेलं अंग

भिंगारला घोड्यावर बोलायचं म्हणजे जरा गंमतच. घोडदळाचे रणगाडे झाले, नगरला त्यांचं संग्रहालयही झालं. पण वरातीत घोडा अजून लागतो.

देकार्तने प्राण्याला यंत्र मानलं. यंत्राला तेल घालून भागतं, घोड्याला नाही. घोड्याला गळ्याखालचं आडवं हाड नसतं, बरं का. पुढचे पाय धडाला मुख्यतः स्नायूंनीच बांधलेले. म्हणून जीन नीट बसलं नाही किंवा तंग कचकून आवळला, की आधी खांदे आणि पाठ आखडते. लगाम सारखा ओढला तर जबडा, मग मान.

उपाय आपल्याकडे जुनाच आहे, खरारा आणि मालिश. घोडे एकमेकांना आयाळीच्या मुळाशी खाजवतात. तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात, असं १९९३ सालच्या एका अभ्यासात दिसलं. तळहात सपाट ठेवावा, सावकाश फिरवावा. कान मागे गेले, कातडी थरथरली, की हात हलका करावा. मान खाली आली, खालचा ओठ सैल पडला, तो तोंड चघळू लागला, की ओळखावं, सुटतंय.

पण एक सांगायलाच हवं. आदल्या दिवशी विश्रांती, दाणा मात्र नेहमीइतकाच. दुसऱ्या दिवशी कामाला जुंपल्यावर मागचे पुठ्ठे दगडासारखे, घाम, पाऊल उचलेना, लघवी काळसर. तिथे मालिश नको, चालवणंही नको. जागेवरच थांबवून पशुवैद्य बोलवायचा. 'चार पावलं चालव, मोकळा होईल,' असं एका टांगेवाल्याला आम्हीच एकदा सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही, म्हणून जनावर वाचलं.