सापेक्षतावाद शिकवावा कसा?

सापेक्षतावाद अवघड होतो याचे एक कारण शिकवण्याच्या रीतीत आहे. पहिल्याच तासाला फळ्यावर दोन गृहीतके येतात : समगतीने जाणाऱ्या सर्वांना निसर्गाचे नियम सारखेच, आणि प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर, सर्वांना तेवढाच भरतो. विद्यार्थी ती उतरवून घेतो, पण त्याला ती पटत नाहीत. ज्या ठरावामागची चर्चा सभासदांनी ऐकलेली नसते, तो त्यांना हुकूमच वाटतो, हा आम्हा संघटनेत काम करणाऱ्यांचा अनुभव. शास्त्राचेही तसेच आहे.

म्हणून आधी चर्चा ऐकवावी. प्रकाश हा विद्युत्-चुंबकीय तरंग आहे, असे मॅक्सवेलने १८६५ साली मांडले. तरंगाला माध्यम हवे, म्हणून 'ईथर' मानला गेला. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर धावते. तेव्हा ईथरचा वारा जाणवलाच पाहिजे. १८८७ साली मायकेलसन व मोर्ले यांनी तो मोजू पाहिला; अपेक्षेच्या विसाव्या हिश्श्याइतकाही फरक दिसला नाही. ईथरमधून जाणारी वस्तू गतीच्या दिशेने किंचित आखडते, अशी तोड लोरेंट्झने १८९२ साली काढली. ईथर वाचला, पण ठिगळ लावून.

तथापि आइनस्टाइन या एका प्रयोगातूनच निघाला, असे सांगू नये. त्याच्या १९०५ च्या निबंधात मायकेलसनचे नावही नाही. आरंभ आहे तो लोहचुंबक आणि विद्युत्‌वाहक तार यांनी. चुंबक हलवा वा तार हलवा, वीज तेवढीच; जुने शास्त्र मात्र दोहोंची कारणे वेगळी सांगे. मग खरोखर हलते कोण, हा प्रश्नच फोल नव्हे काय?

नियम सर्वांना सारखे, तर त्यांतून निघणारा प्रकाशाचा वेगही सारखाच हवा. पण धावत्या गाडीतून तो तेवढाच कसा भरेल? बर्नच्या पेटंट कचेरीतल्या या २६ वर्षांच्या नोकरदाराने बोट ठेवले 'एकाच वेळी' या शब्दांवर. पाँकारेने १८९८ सालीच त्यांचा अर्थ विचारला होता. दूरची घड्याळे जुळवायला संदेश धाडावा लागतो. तो प्रकाशाने धाडला, तर फलाटावरच्याला एकाच वेळी घडलेल्या, रुळांवर दूरदूरच्या दोन घटना गाडीतल्याला मागेपुढे ठरतात.

या वाटेने आल्यावर गृहीतके अडलेल्या वादाचा निकाल वाटू लागतात. गणित पुढे करावेच लागते. पण ते कशासाठी, हे आता विद्यार्थ्याला ठाऊक असते.