लॉगिन होते, व्हेरिएबल येत नाही (लेखांक ९)

प्रत्येक प्रक्रिया आपल्या जनक प्रक्रियेकडून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची एक प्रत वारशाने घेते, आणि त्या प्रतीत तिने पुढे कितीही फेरफार केले तरी जनकाच्या मूळ नोंदीस धक्का लागत नाही, हे मागील लेखांकात आपण पाहिले. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेली ही व्यवस्था लिनक्समध्ये आजही अंमलात आहे. आणि सर्व वापरकर्त्यांसाठी म्हणून व्यवस्थापकाने लिहून ठेवलेले व्हेरिएबल लॉगिननंतर सापडत नाही, या नित्याच्या तक्रारीचे मूळही बहुतांशी तिच्यातच आहे.

उबुंटू चालणाऱ्या संगणकावर /एट्सी/प्रोफाइल.डी या फोल्डरात जावा.एसएच नावाची फाइल ठेवून कोणी तीत जावा_होम एक्सपोर्ट केले, असे समजू. एसएसएचने प्रवेश करावा तर व्हेरिएबल हजर. पण यंत्र सुरू होताच आपोआप चालू होणाऱ्या एखाद्या सर्व्हिसकडे चौकशी करावी, तर तिला त्याचा पत्ताच नाही. अशा वेळी मनुष्य फाइलच पुनःपुन्हा तपासतो, अवतरणचिन्हे बदलतो, आणि अखेरीस यंत्र बंद करून चालू करतो. वास्तविक फाइल निर्दोष असते, आणि प्रश्न असतो तो ती वाचतो कोण, एवढाच. कचेरीच्या फलकावर लावलेले परिपत्रक, ज्याची वाट त्या फलकावरून जातच नाही अशा कारकुनास कसे कळावे?

/एट्सी/प्रोफाइल.डी या फोल्डरातील फाइली वाचल्या जातात त्या /एट्सी/प्रोफाइल या फाइलीमार्फत. ती वाचण्याचे काम लॉगिन शेलचे, आणि तीही बॅश, डॅश यांसारखी असेल तरच. झेडशेल आपल्या स्वाभाविक रीतीने चालत असता तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्या फोल्डरातील फाइलीच्या नावाअखेर .एसएच नसेल तर ती मुकाट्याने वगळली जाते. तिला वाचनाची परवानगी पुरते, एक्झिक्यूटची लागत नाही. /एट्सी/एन्व्हायर्नमेंटची तऱ्हा निराळी. ती शेल वाचीतच नाही, लॉगिनच्या वेळी प्रमाणीकरण पाहणाऱ्या पॅम या व्यवस्थेचा पॅम_एन्व्ह नावाचा मॉड्यूल वाचतो, आणि त्यास शेलचे व्याकरण अवगत नसल्यामुळे तेथे डॉलरचिन्हासह लिहिलेले पाथ हे नाव विस्तार न पावता अक्षरशः तसेच उतरते. परिणामी, जुन्या पाथला नवा फोल्डर जोडू पाहणाऱ्यास पुढच्या लॉगिनला एलएससारखी साधी आज्ञाही दुर्लभ होण्याची पाळी येते. सिस्टमडीच्या सिस्टम सर्व्हिसेस तर लॉगिनच्या वाटेने येतच नाहीत. त्यांच्या युनिट फाइलीत एन्व्हायर्नमेंट किंवा एन्व्हायर्नमेंटफाइल ही ओळ लिहिणे हाच सरळ मार्ग.

मग तपास करावा कसा? माझ्या मते अनुमानांचा पसारा मांडण्यापेक्षा सरळ दाखला मागावा. ज्या प्रक्रियेत व्हेरिएबल दिसत नाही तिचा क्रमांक घेऊन /प्रॉक या फोल्डरातील त्या क्रमांकाखालची एन्व्हिरॉन नावाची फाइल उघडावी. प्रक्रियेस आरंभी मिळालेला वारसा तीत जसाच्या तसा असतो. नोंदी शून्य-बाइटने विभागलेल्या असल्यामुळे टीआर आज्ञेने त्यांच्या ओळी पाडून घ्याव्यात. त्यानंतर पीएसच्या साहाय्याने जनक शोधावा, त्याचीही फाइल पाहावी, आणि असे वर वर चढत जावे. ज्या पूर्वजाच्या हाती नाव आहे आणि ज्या वंशजाच्या हाती नाही, त्या दोहोंच्या मध्येच दोष आहे, अशी खातरजमा होते. मात्र शेलने स्वतः सुरू झाल्यावर केलेले एक्सपोर्ट या फाइलीत उमटत नाही, हे ध्यानी असावे. लॉगिन शेलवरच संशय असेल तर बॅशला एल आणि एक्स हे पर्याय देऊन चालवावे, म्हणजे वाचलेल्या फाइलींतील प्रत्येक आज्ञा पडद्यावर उमटते. विंडोजवर संपादित करून आणलेली फाइल असेल तर कॅट आज्ञेस मोठा ए देऊन पाहावी. ओळीअखेर डॉलरच्या आधी ^एम अशी खूण दिसली, तर मूल्याला एक अदृश्य अक्षर चिकटले आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून निसटते. वापरकर्त्याचा स्वतःचा सिस्टमडी व्यवस्थापक त्याचे एक जरी सेशन जिवंत असले तोवर चालूच राहतो. त्यामुळे डेस्कटॉपवरून बाहेर पडून पुन्हा आत आलात, पण दुसरीकडे एसएसएचचे सेशन उघडे राहिले, तर ग्नोम टर्मिनलसारखा जो प्रोग्रॅम त्या व्यवस्थापकाच्या हातून सुरू होतो, त्यास जुनाच वारसा मिळण्याचा संभव असतो. फाइलीत बदल केल्यावर तो लागू झाला नाही असे ठरवण्यापूर्वी सर्व सेशने बंद झाली आहेत की नाहीत, एवढे वाचकांनी अवश्य पाहावे.