'उडता' बेडूक आंबोलीत दिसतो, मग बुलढाण्यात का नाही?

पावसाळा आला की आंबोलीच्या हिरव्या उडत्या बेडकाचे रील्स फिरू लागतात. पण बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात त्याला शोधायला जाऊ नका. हा मलबारी उडता बेडूक फक्त पश्चिम घाटातला. (तसं 'उडता' नावापुरतंच. बोटांमधला लालसर पडदा पसरून तो झाडावरून तरंगत खाली येतो, एवढंच.)

खरी अडचण अंड्यांची आहे. मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालते आणि मागच्या पायांनी स्राव घुसळून फेसाचं घरटं करते. ते बाहेरून सुकतं, आत ओल टिकते. काही दिवसांनी शेपटीवाली पिल्लं थेट खालच्या डबक्यात पडतात. हवा कोरडी असेल तर फेस आतपर्यंत वाळतो. डबकं आटलं असेल तर पिल्लं चिखलात पडून मरतात. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, बुलढाण्यात आठशेच्या आसपास. त्यात ज्ञानगंगेचं जंगल शुष्क पानझडी, उन्हाळ्यात धड सावलीही उरत नाही.

2019 मध्ये एक वाघ टिपेश्वरहून चालत ज्ञानगंगेत पोहोचला होता. बेडकाला ते जमणार नाही, त्याची ओलसर कातडी वाटेतच सुकेल. त्यामुळे घाटातलं एखादं डबकं बुजवलं किंवा त्यावरचं झाड तोडलं, की त्या जागची पैदास थांबते.